परिरक्षण, विद्युत् चुंबकीय

विद्युत् वाहक तारा व इलेक्ट्रॉनीय साधने यांच्याभोवती धातूचे आवरण घालून त्यांच्यावर बाहेरील विद्युत् व चुंबकीय क्षेत्रांचा अनिष्ट परिणाम होऊ न देणे किंवा त्यांच्यात निर्माण होणारी क्षेत्रे बाहेर पसरू न देणे, या क्रियेला विद्युत् चुंबकीय परिरक्षण म्हणतात. अशा आवरणाला परिरक्षक म्हणतात. परिरक्षक पेटीच्या, नळीच्या, जाळीच्या, वर्खाच्या किंवा नुसत्या मुलाम्याच्या स्वरूपात असू शकतो. तांबे, ॲल्युमिनियम, पोलाद आणि निकेल-लोखंडाच्या मिश्रधातू हे परिरक्षणासाठी वापरले जाणारे प्रमुख पदार्थ आहेत. यांपैकी कोणताही एक धातू सर्व कामांना सारखाच उपयोगी पडत नाही. उपद्रव देणारे क्षेत्र विद्युतीय आहे की चुंबकीय आणि त्याची कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या) किती आहे, यांवर धातूची निवड अवलंबून असते.

व्यत्ययाची कारणे व परिणाम : तारेतील विद्युत् प्रवाह बदलत असला म्हणजे तिच्या भोवतीची विद्युत् व चुंबकीय क्षेत्रेही बदलतात आणि जवळच्या दुसऱ्या तारेत अल्पसा विद्युत् दाब निर्माण करतात. विद्युत् चलित्रातील कुंचे, बटण उघडझाप करताना उडणाऱ्या ठिणग्या, मोटारगाडीची प्रज्वलन यंत्रणा, वितळजोडकामाची यंत्रे, रेडिओ प्रेषक आणि ज्यांतील प्रवाह दर सेकंदास कोट्यवधी वेळा चालू-बंद होतात अशी संगणकातील मंडले, हे व्यत्ययाचे नेहमीचे उद्‌गम होत. रेडिओतील खरखर किंवा ध्वनिवर्धकातून ऐकू येणारा ५० हर्ट्‌झचा गुणगुणाट ही त्याची परिचित उदाहरणे आहेत.

काही ठिकाणी मात्र व्यत्यय केवळ त्रासदायक न राहता धोकादायक ठरतो. विद्युत् हृल्लेखनात रुग्णाच्या त्वचेवरून मिळणारा संकेत सु. एक सहस्रांश व्होल्ट एवढाच असतो, तर त्याच खोलीतील भिंतीत २३० व्होल्ट दाबाच्या तारा असतात. हे प्रमाण दोन लाखांहून अधिक आहे. त्यामुळे तारांतून अल्पांशाने जरी क्षेत्र झिरपले, तरी आलेख वाचता येत नाही. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेत विजेवर चालणाऱ्या काही चाकांच्या खुर्च्या जवळपासच्या रेडिओ प्रेषकांमुळे आपोआप हलल्याचे आढळून आले आणि तेथील अन्न व औषध प्रशासनाला त्याची चौकशी करावी लागली. हृद्‌गतिकारक (पेसमेकर), विमानातील नियंत्रण यंत्रणा व कारखान्यातील स्वयंचलित यंत्रे यांच्या बाबतीतही परिरक्षण हा सुरक्षिततेचा प्रश्न असतो.

इतिहास : धातूच्या पोकळ पात्राच्या आतल्या बाजूस विद्युत् आकर्षण जाणवत नाही, हे बेंजामिन फ्रँक्लिन यांनी १७५५ मध्ये पाहिले होते. विद्युत् भारित चांदीच्या पात्रात दोऱ्याने सोडलेला बुचाचा गोळा पात्राच्या आतील भिंतीकडे ओढला जात नाही, असे त्यांना आढळले. १८३६ मध्ये मायकेल फॅराडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सु. १२ फूट बाजू असलेला लाकडी सांगाड्याचा घन उभारला व त्यावर तारा आणि धातूचा वर्ख बसविला. बाहेरून त्याला प्रबळ विद्युत् भार दिला असताना ते स्वतः संवेदनशील उपकरणे घेऊन आत गेले. घनाच्या बाहेरून ठिणग्या उडत असूनही आतील उपकरणांवर कोणताही परिणाम झाला नाही. यावरून अशा बंदिस्त आवरणाला ‘फॅराडे पिंजरा’ हे नाव पडले.

पुढे तारायंत्र व दूरध्वनी यांच्या प्रसाराबरोबर तारांच्या परिरक्षणाची गरज भासू लागली. ऑलिव्हर हेव्हिसाइड यांनी १८८० मध्ये समाक्ष केबलीचे (एका संवाहकाभोवती त्याच अक्षावर नळीसारखा दुसरा संवाहक असलेल्या केबलीचे) एकस्व इंग्लंडमध्ये घेतले. १८८१ मध्ये अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी एकमेकींभोवती पीळ दिलेल्या तारांच्या जोडीचे एकस्व मिळविले. १९२३ मध्ये विलोबी स्मिथ व हेन्री गार्नेट यांनी ‘म्यूमेटल’ या मिश्रधातूचे एकस्व घेतले. ही मिश्रधातू मुळात समुद्राखालील तारायंत्राच्या केबलींसाठी तयार करण्यात आली होती. परंतु पुढे चुंबकीय परिरक्षणातच तिचा विशेष उपयोग होऊ लागला. परिरक्षकाचा परिणाम हा परावर्तन व शोषण यांचा एकत्रित परिणाम मानून त्याचे गणित मांडण्याची आज प्रचलित असलेली पद्धत सर्गेई शेल्कुनॉफ यांच्या १९४३ मधील ग्रंथामुळे रूढ झाली.

कार्यतत्त्व : परिरक्षक तीन निरनिराळ्या प्रकारांनी काम करतो.

(१) विद्युत् क्षेत्र : धातूचे आवरण विद्युत् क्षेत्रात ठेवले असता त्यातील मुक्त इलेक्ट्रॉन सरकतात व पृष्ठभागावर अशा रीतीने वाटले जातात की, त्यांचे क्षेत्र बाहेरील क्षेत्राला आतल्या भागात छेद देते. या कामासाठी धातू फार जाड किंवा फार उत्तम संवाहक असावा लागत नाही. पातळ वर्खही पुरतो. मात्र आवरण जमिनीशी किंवा मंडलाच्या संदर्भ बिंदूशी जोडलेले असावे लागते. ते तसे न जोडता मोकळे सोडले, तर बाहेरील तार व आवरण आणि आवरण व आतील तार यांमधील विद्युत् धारणांच्या द्वारे उपद्रव आत पोहोचतो.

(२) स्थिर व अल्प कंप्रतेचे चुंबकीय क्षेत्र : चुंबकीय क्षेत्र थोपवू शकेल असा मुक्त चुंबकीय भार धातूत नसतो. त्यामुळे तांबे किंवा ॲल्युमिनियम यांचे आवरण स्थिर चुंबकीय क्षेत्राला अजिबात अडवीत नाही. येथे क्षेत्र अडविण्याऐवजी त्याला दुसरी वाट काढून द्यावी लागते. ज्या पदार्थाची चुंबकीय पार्यता (चुंबकीय बलरेषांना वाट देण्याची क्षमता) मोठी असते, त्याच्या भिंतीतून बलरेषा वळून जातात व आतील पोकळीत त्यांचे प्रमाण कमी होते. तांब्याची सापेक्ष पार्यता १ असते, तर लोखंड व सौम्य पोलाद यांची काही शतांपासून काही सहस्रांपर्यंत आणि म्यूमेटलाची सु. ८०,००० ते १,००,००० पर्यंत असू शकते.

(३) उच्च कंप्रतेचे क्षेत्र : बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूच्या पत्र्यात भोवऱ्यासारखे फिरणारे आवर्त प्रवाह प्रवर्तित होतात आणि ते मूळ क्षेत्राला विरोध करतात. क्षेत्र जितके जलद बदलेल तितके हे प्रवाह प्रबळ होतात. त्यामुळे स्थिर क्षेत्रापुढे निरुपयोगी असलेले तांबे उच्च कंप्रतेला उत्कृष्ट परिरक्षक ठरते. हे प्रवाह पत्र्याच्या पृष्ठभागाजवळच एकवटतात. या आविष्काराला त्वक् परिणाम म्हणतात आणि ज्या खोलीवर क्षेत्र मूळच्या सु. ३७ टक्के उरते तिला त्वक् खोली म्हणतात. तांब्याची त्वक् खोली ५० हर्ट्‌झला सु. ९·३ मिमी., १० किलोहर्ट्‌झला ०·६६ मिमी. आणि १ मेगॅहर्ट्‌झला ०·०६६ मिमी. असते. म्हणजे १ मिमी. जाडीचा तांब्याचा पत्रा घरगुती विजेच्या चुंबकीय क्षेत्राचे शोषण जवळजवळ करीतच नाही. परंतु १ मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेचे क्षेत्र त्याच पत्र्यात शोषले जाऊन मूळच्या दशलक्षांशाहूनही कमी उरते. १,००० सापेक्ष पार्यतेच्या पोलादाची त्वक् खोली ५० हर्ट्‌झला सु. ०·७ मिमी. असते. अल्प कंप्रतेला पोलाद तांब्याहून सरस का ठरते, ते यावरून स्पष्ट होते.

शोषणाखेरीज परावर्तनही होते. उद्‌गमापासून दूर, मोकळ्या अवकाशातील तरंगाचा संरोध सु. ३७७ ओहम असतो, तर १ मेगॅहर्ट्‌झला तांब्याच्या पृष्ठभागाचा संरोध एक ओहमाच्या सहस्रांशाहूनही कमी असतो. या मोठ्या तफावतीमुळे तरंगाचा बहुतेक भाग परत फिरतो. उद्‌गमाजवळ मात्र परिस्थिती निराळी असते. तरंगलांबीच्या सु. एक षष्ठांशाहून कमी अंतरावर विद्युत् क्षेत्र व चुंबकीय क्षेत्र यांचा स्वतंत्रपणे विचार करावा लागतो. रोहित्रासारख्या मोठे प्रवाह असणाऱ्या उद्‌गमाजवळ चुंबकीय क्षेत्र प्रबळ असून त्याचे परावर्तन अल्प होते. ५० हर्ट्‌झ कंप्रतेची तरंगलांबी ६,००० किमी. असल्याने घरातील व कारखान्यातील विजेच्या तारांचे सर्व उपद्रव या निकट क्षेत्रातच मोडतात.

धातूंची निवड : तांब्याची विद्युत् संवाहकता १०० मानली, तर चांदीची सु. १०५, सोन्याची ७०, ॲल्युमिनियमाची ६०, जस्ताची २८, लोखंडाची १७, कथिलाची १५, शिशाची ८ आणि नेहमीच्या अगंज पोलादाची २ ते ३ भरते. तथापि केवळ या क्रमावरून निवड करता येत नाही.

तांबे सहज झाळता येते व त्याचे सांधे चांगले जुळतात. म्हणून केबलींची जाळी, परिरक्षित खोल्यांचे अस्तर व मंडलावरील लहान डब्या यांसाठी ते वापरतात. हवेत ते काळवंडत असल्यामुळे त्यावर बहुधा कथिलाचा मुलामा देतात. उच्च तापमानात काम करणाऱ्या विमानांतील केबलींसाठी चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तारा वापरतात. ॲल्युमिनियमाची घनता तांब्याच्या एक तृतीयांशाहून कमी असल्याने समान वजनात ते अधिक परिरक्षण देते. विमाने, उपग्रह व वाहनांवरील उपकरणांच्या पेट्यांसाठी ते पसंत केले जाते. त्याच्या पृष्ठभागावर बनणारा ऑक्साइडाचा थर विद्युत् निरोधक असतो व त्यामुळे सांध्यातून प्रवाह वाहण्यास अडथळा येतो, हा त्याचा मोठा दोष आहे. म्हणून सांध्याच्या जागी त्यावर संवाहक रासायनिक लेप देतात. शोभेसाठी किंवा टिकाऊपणासाठी केलेले धनाग्रीकरण अशा जागी उलट घातक ठरते.

पोलाद स्वस्त व बळकट असून त्याची पार्यताही मोठी असते. विद्युत् फलकांच्या पेट्या, तारांसाठीच्या नळ्या व रोहित्रांची आवरणे जस्तलेपित पोलादाची करतात. जस्ताचा थर गंज रोखतो व पृष्ठभाग संवाहक ठेवतो. लोहचुंबकीय पदार्थांची पार्यता कंप्रतेबरोबर घटत जाते. परंतु उच्च कंप्रतेला त्वक् परिणाम प्रभावी होत असल्यामुळे पोलादाची जाड भिंत तेथेही पुरेशी ठरते.

म्यूमेटलात सु. ७७ टक्के निकेल, १६ टक्के लोखंड, ५ टक्के तांबे व २ टक्के क्रोमियम किंवा मॉलिब्डेनम असते. हिची प्रचंड पार्यता आपोआप मिळत नाही. वस्तूला अंतिम आकार दिल्यावर तिचे हायड्रोजनाच्या वातावरणात सु. १,१००° से. पेक्षा अधिक तापमानास अनुशीतन (तापवून सावकाश थंड करण्याची क्रिया) करावे लागते. त्यानंतर ती वाकवली, ठोकली किंवा पडली, तर तिची पार्यता घटते. शिवाय ती सु. ०·८ टेस्लाला चुंबकीय दृष्ट्या संपृक्त होते, तर लोखंड सु. २ टेस्लापर्यंत टिकते. म्हणून क्षेत्र प्रबळ असल्यास बाहेर लोखंडाचा व आत म्यूमेटलाचा असे दोन थर, मध्ये मोकळी जागा ठेवून वापरतात. बाहेरील थर क्षेत्राचा मोठा भाग वाहून नेतो व आतील थर उरलेला वळवितो.

शिसे हे क्ष-किरणांपासून संरक्षण देते म्हणून ते विद्युत् उपद्रवालाही अडवील असा समज आढळतो. क्ष-किरणांच्या शोषणात शिशाची घनता व मोठा अणुक्रमांक उपयोगी पडतात. येथे विचारात घेतलेल्या कंप्रतांना मात्र संवाहकता व पार्यता महत्त्वाच्या असल्याने शिसे हा सामान्य प्रतीचा परिरक्षक ठरतो.

प्लॅस्टिकच्या पेट्या विद्युत् चुंबकीय तरंगांना पारदर्शक असतात. त्यांच्या आतील बाजूस निकेलयुक्त रंग, जस्ताचा फवारा, निर्वातात दिलेला ॲल्युमिनियमाचा थर किंवा रासायनिक रीतीने निक्षेपित केलेला तांब्याचा व त्यावर निकेलाचा थर देतात. हे थर अतिशय पातळ असले, तरी उच्च कंप्रतेच्या तरंगांचे परावर्तन करण्यास ते समर्थ असतात. अल्प कंप्रतेच्या चुंबकीय क्षेत्रावर मात्र त्यांचा परिणाम होत नाही.

केबलींचे परिरक्षण : केबलीवर साधारणतः दोन प्रकारची आवरणे असतात. बारीक तारांच्या विणलेल्या जाळीने पृष्ठभागाचा ८५ ते ९५ टक्के भाग झाकला जातो. तिचा रोध कमी असून ती लवचिक व बळकट असते. पॉलिएस्टराच्या पट्टीवर चिकटविलेला ॲल्युमिनियमाचा वर्ख पृष्ठभाग पूर्णपणे झाकतो व उच्च कंप्रतेला अधिक परिणामकारक ठरतो. पण तो नाजूक असतो व झाळता येत नाही. त्यामुळे त्याला लागून कथिलाचा मुलामा दिलेली एक उघडी तार ठेवतात व टोकाला ती जोडतात. महत्त्वाच्या केबलींत वर्ख व जाळी दोन्ही वापरतात.

तांब्याची जाळी ५० हर्ट्‌झच्या चुंबकीय क्षेत्रापासून फारसे संरक्षण देत नाही. अशा क्षेत्रावर तारांच्या जोडीला पीळ देणे हा अधिक चांगला व स्वस्त उपाय आहे. पिळाच्या लगतच्या वेढ्यांत प्रवर्तित होणारे दाब एकमेकांविरुद्ध असल्याने ते नाहीसे होतात. जाळीचे भूसंपर्कनही विचारपूर्वक करावे लागते. अल्प कंप्रतेच्या संवेदनशील मंडलांत जाळी एकाच टोकाला जोडतात. कारण दोन्ही टोके जोडल्यास जमिनीतून पूर्ण होणाऱ्या वेढ्यात प्रवाह वाहून गुणगुणाट येतो. उच्च कंप्रतेला मात्र दोन्ही टोके जोडणे आवश्यक असते. जाळी उकलून तिची शेपटीसारखी तार काढून जोडल्यास त्या काही सेंटिमीटर तारेच्या प्रवर्तकतेमुळे उत्तम केबलीचाही उपयोग कमी होतो. जाळी पेटीच्या भिंतीला सर्व बाजूंनी भिडलेली असणे इष्ट असते.

फटी, छिद्रे व सांधे : प्रत्यक्षात परिरक्षण अपुरे पडते ते बहुधा धातूच्या दोषामुळे नव्हे, तर पेटीतील फटींमुळे. आवरणातील प्रवाहाला फट आडवी आली की, ती स्वतःच आकाशकासारखे काम करते व तरंग पलीकडे पोहोचवते. येथे फटीच्या क्षेत्रफळापेक्षा तिची लांबी महत्त्वाची असते. तरंगलांबीच्या निम्म्या लांबीची फट तरंगाला जवळजवळ मोकळी वाट देते, तर एक विसांश लांबीच्या फटीतून सु. एक दशांश क्षेत्र पलीकडे जाते. १,००० मेगॅहर्ट्‌झला तरंगलांबी ३० सेंमी. असते. त्यामुळे झाकणाच्या दोन स्क्रूंमध्ये १५ सेंमी. लांबीची, केसाएवढी अरुंद फट राहिली, तरी पेटीचा जाड पत्रा व्यर्थ ठरतो. याउलट लहान लहान अनेक छिद्रे निरुपद्रवी असतात. सूक्ष्मतरंग भट्टीच्या दारातील पत्र्याची बारीक छिद्रे २,४५० मेगॅहर्ट्‌झच्या सु. १२ सेंमी. लांबीच्या तरंगांना अडवितात; पण प्रकाशाची तरंगलांबी छिद्रांच्या मानाने अत्यल्प असल्याने आतील पदार्थ दिसतो.

याच तत्त्वाचा उपयोग पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे असलेल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत केलेला आढळतो. तिच्या ४५ मी. व्यासाच्या ३० तबकड्यांचे पृष्ठभाग अखंड पत्र्याचे नसून बारीक अगंज पोलादी तारांच्या जाळीचे आहेत. जाळीची भोके १० ते २० मिमी. असल्याने २१ सेंमी. व त्याहून लांब तरंगांचे तिच्यावरून परावर्तन होते. वारा मात्र तिच्यातून निघून जातो. अगंज पोलाद हे सामान्य संवाहक असूनही येथे पुरेसे पडते. आकाशस्थ पदार्थांकडून येणारे रेडिओ संकेत अत्यंत क्षीण असल्याने अशा वेधशाळांत स्वतःच्या संगणकांमुळे होणारा व्यत्यय रोखण्यासाठीही परिरक्षण करावे लागते.

पेट्यांचे सांधे विद्युत् दृष्ट्या अखंड राहावेत म्हणून बेरिलियम-तांब्याच्या स्प्रिंगसारख्या पट्ट्या, तारांची विणलेली गॅस्केटे किंवा चांदीचे लेपन केलेले कण मिसळलेले रबर वापरतात. हवा खेळण्यासाठी मधमाशांच्या पोळ्यासारख्या खोल, अरुंद धातूच्या घरांची जाळी बसवितात. सांध्यातील दोन धातू विद्युत् रासायनिक श्रेणीत एकमेकांपासून दूर असल्यास समुद्रकाठच्या दमट व खाऱ्या हवेत त्यांचे संक्षारण होते. ॲल्युमिनियमावर उघडे तांबे किंवा चांदी दाबून बसविल्यास ॲल्युमिनियम झिजत जाते आणि सुरुवातीला उत्तम असलेला सांधा काही काळाने निकामी होतो. कथिल किंवा निकेल यांच्या मुलाम्याने हा दोष कमी करता येतो.

उपयोग : एकाच ठिकाणी निरनिराळ्या धातूंची गरज कशी पडते, याचे चांगले उदाहरण म्हणजे रुग्णालयातील चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शनाची (एमआरआयची) खोली होय. १·५ टेस्ला क्षेत्राच्या यंत्रात शरीरातून येणारे क्षीण संकेत सु. ६४ मेगॅहर्ट्‌झचे असतात. बाहेरील रेडिओ तरंग त्यांत मिसळू नयेत म्हणून भिंती, छत, जमीन व दार यांना तांब्याच्या पत्र्याचे अखंड अस्तर लावतात. यंत्राचे प्रबळ स्थिर क्षेत्र मात्र तांब्याला जुमानत नाही. ते शेजारच्या खोल्यांत पसरण्याचा संभव असल्यास पोलादाचे जाड पत्रे लावावे लागतात. मेंदूतील प्रवाहांमुळे निर्माण होणारे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या कोट्यवधींश असते. त्याच्या मापनासाठी म्यूमेटलाच्या अनेक थरांबरोबर ॲल्युमिनियमाचाही थर असलेल्या खोल्या बांधतात. डेव्हिड कोएन यांनी १९६९ मध्ये मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे बांधलेली खोली या प्रकारात महत्त्वाची मानली जाते. हृद्‌गतिकारकाचे आवरण शरीराला न बाधणाऱ्या टिटॅनियमाचे असते. ते संवाहक म्हणून सामान्य असले, तरी उच्च कंप्रतेला पुरते. बाहेर जाणाऱ्या तारेवाटे येणारा उपद्रव गाळण्यासाठी मात्र आवरणातील मार्गापाशी स्वतंत्र गाळणी मंडल असते.

ध्वनी व मापन उपकरणांच्या रोहित्रांत प्राथमिक व दुय्यम वेटोळ्यांच्या मध्ये तांब्याचा वर्ख गुंडाळून तो जमिनीशी जोडतात. त्याची दोन टोके एकमेकांना टेकू देत नाहीत. कारण तसे झाल्यास तो मंडल-संक्षेपित वेढा बनून त्यातून प्रचंड प्रवाह वाहतो.

मापन व मानके : परिरक्षकाची परिणामकारकता डेसिबेलमध्ये सांगतात. क्षेत्र एक दशांश झाल्यास २० डेसिबेल, एक सहस्रांश झाल्यास ६० डेसिबेल असे तिचे मूल्य असते. रेडिओ व्यत्ययाच्या मर्यादा व मापनपद्धती ठरविण्यासाठी १९३४ मध्ये एक आंतरराष्ट्रीय विशेष समिती कार्य करू लागली. अमेरिकेत संगणकीय उपकरणांच्या उत्सर्जनावर १९७९ मध्ये नियम करण्यात आले. यूरोपीय समुदायाने १९८९ मध्ये काढलेला निर्देश १९९६ पासून सक्तीचा झाला. भारतात १९८४ मध्ये स्वायत्त झालेली ‘समीर’ ही सूक्ष्मतरंग संशोधन संस्था व वाहनांच्या बाबतीत पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थांच्या प्रयोगशाळांत अशा चाचण्या घेतल्या जातात.

परिरक्षण हे खर्चिक असल्यामुळे प्रथम उद्‌गमाजवळच ठिणगी व जलद बदल कमी करणे, तारा दूर ठेवणे किंवा त्यांना पीळ देणे आणि गाळणी मंडले बसविणे हे उपाय योजतात. त्यानंतर उरलेल्या क्षेत्राचा प्रकार व कंप्रता पाहून धातू व त्याची जाडी निश्चित करतात. सांधे, तारांचे प्रवेशमार्ग व भूसंपर्कन यांकडे दुर्लक्ष झाल्यास अधिक महाग धातू वापरूनही ती उणीव भरून निघत नाही.